समई जमिनीवर कोण ठेवत होतं?

आधी एक कबुली देऊन टाकते. या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं वाचतेय, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर करमणूक म्हणून वाचतेय. एकदोघांना 'झोप पूर्ण घेत जा' असा खोचक सल्लाही मीच दिला होता — अर्थात नाव बदलून. त्यांची आज माफी मागते. भुतंखेतं, चकवा, कुणाची तरी चाहूल... माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. 'आम्ही काही केलं नाही, ते आपोआप झालं' हे वाक्य मला ऑफिसात रोज ऐकायला मिळतं आणि रोज ते खोटं निघतं. त्यामुळे घरात कुणी हेच वाक्य म्हणालं तर मी काय विचार करणार, हे वेगळं सांगायला नको.

घरात ते वाक्य माझी आई म्हणाली. म्हणून हे लिहितेय.

आम्ही नेदरलँड्समध्ये, फोरबर्गला राहतो. दि हेगला अगदी खेटून आहे. मी, नवरा निखिल आणि नऊ वर्षांची इरा. माझं ऑफिस आम्स्टरडॅमला, स्लोटरडाइक स्टेशनजवळ. निखिल फेल्डहोवनला चिप बनवायच्या मशीन्सवर काम करतो, त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस तो साडेआठच्या आत काही घरी उगवत नाही. घर भाड्याचं आहे, ओळीतलं, विटांचं, महायुद्धाच्या आधी बांधलेलं. खाली पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. बैठकीच्या खोलीला जवळजवळ भिंतभर खिडकी आहे, पश्चिमेला, थेट फुटपाथवर उघडणारी. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे त्रिकोणी हिरवळ, आणि हिरवळीवर एक करडा दगड — वर सात-आठ नावं कोरलेला. युद्धात गेलेले आसपासचे लोक एवढंच मला माहीत होतं. चार वर्षं त्या दगडाला सायकल टेकवून मी कुलूप लावत आले, पण नावं कधी वाचली नव्हती.

मार्चच्या शेवटी आई आली, तीन महिन्यांच्या व्हिसावर. बाबा गेल्यापासून ती चिंचवडच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते आणि मजेत राहते. महापालिकेच्या दवाखान्यात खिडकीमागे बसून तिने तीस-बत्तीस वर्षं औषधं दिली. कुणाची गोळी कुणाला गेली असं एकदाही झालं नाही, हा तिचा अभिमान. कुणी विचारलं नाही तरी ती तो सांगते.

आमचं देवघर वरच्या खोलीत, कपाटाच्या एका कप्प्यात, आणि त्याच्या बरोब्बर डोक्यावर स्मोक अलार्म. आईने पहिल्याच दिवशी उदबत्ती लावली आणि अख्खी गल्ली जागी केली. म्हणून समई खाली आली. घरून आणलेली पितळेची, हातभर उंचीची. संध्याकाळी सातला आई ती घासूनपुसून, खाली स्टीलची ताटली घेऊन, बैठकीच्या खिडकीच्या रुंद सिलवर, म्हणजे आतल्या कट्ट्यावर, ठेवायची. समई कधी नुसत्या जमिनीवर ठेवायची नाही, हे मला लहानपणी दहा वेळा रागावून शिकवलं गेलं होतं. पाट नाहीतर ताटली, काहीतरी हवंच. एप्रिलमध्ये इथे सातला चांगलं कडक ऊन असतं, पण आईची तिन्हीसांज घड्याळाला बांधलेली. त्या उन्हात ती समई रस्त्याच्या टोकापासून चमकताना दिसायची. मला ऑफिसातून येताना छान वाटायचं.

पहिला प्रकार एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातला. मी सव्वासातला आले तर सिलवर समई नव्हती. ती खाली होती, खिडकीखाली, नुसत्या लाकडी जमिनीवर. वात शांतपणे जळत होती, आणि पडद्याची कड तिच्यापासून वीतभर लांब.

"आई! अगं, समई खाली काय ठेवलीस? पडदा पेटला असता ना!"

आई पोळ्या टाकून हात पुसत बाहेर आली. बघितलं, आणि तिचा चेहराच पडला.

"मी नाही गं ठेवली. मी वर ठेवली होती."

"मग काय आपोआप खाली आली?"

"आता काय सांगू तुला... मी काही केलं नाही."

इराला विचारलं. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये येतं. "इट वॉझन्ट मी, आई. आय वॉज अपस्टेअर्स." तिचं तोंड बघून ती खोटं बोलत नाही हे कळत होतं. मी विषय सोडून दिला. तीन दिवसांनी तेच. पुढच्या आठवड्यात दोनदा तेच. तेल सांडलेलं नाही, वात विझलेली नाही, समई जमिनीवर. आणि आईचं तेच एक वाक्य.

खरं सांगू? मला भीती वाटली ती समईची नाही, आईची वाटली.

कारण मग मला सगळंच दिसायला लागलं. सुपरमार्केटमधून येताना ती एकदा रस्ता चुकली होती — इथली घरं इतकी एकसारखी की मीही पहिल्या महिन्यात चुकले होते, पण ते मी सोयीस्करपणे विसरले. इराला ती माझ्या नावाने हाक मारते. जगातल्या सगळ्या आज्या मारतात. एकदा आमटीत दोन वेळा मीठ पडलं. मी फोनमध्ये एक फाइल उघडली आणि ऑफिसात बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, लिहिते तसं सगळं लिहायला लागले. वार, वेळ, काय घडलं, कोण घरात होतं. 'समई जमिनीवर, ताटली सिलवर तशीच, आई म्हणते आठवत नाही.' आई 'आठवत नाही' असं कधीच म्हणाली नव्हती. ती म्हणत होती 'मी केलं नाही'. मी लिहिताना ते बदललं, आणि मला ते जाणवलंही नाही.

दादाला फोन केला. माझा मोठा भाऊ, बंगळुरूला असतो. तो जरा घाईचा माणूस आहे. "हे बघ, असं असेल तर तिला एकटीला चिंचवडला ठेवणं शक्यच नाही. गॅस चालू राहिला तर काय करायचं? तू तिथे डॉक्टरला दाखव. तसं काही निघालं तर आल्याबरोबर फ्लॅट भाड्याने देऊन टाकू आणि ती माझ्याकडे येईल. बोल तिच्याशी."

म्हणजे हे एवढ्यावर आलं होतं. आईचं घर, तिची सकाळची फिरायला जायची मंडळी, तिचं दुपारचं पेपरातलं कोडं, सगळं त्या समईवर अवलंबून होतं. मी तिच्याशी बोलले. हळुवारपणे बोलतेय असं मला वाटत होतं. वय, विसरणं, लाजण्यासारखं काही नाही, वगैरे. ती सगळं ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "कुणीतरी ती उचलून ठेवतं गं. आदळत नाही, सांडत नाही, जपून ठेवतं. मला त्याची भीती नाही वाटत. तू माझ्याकडे बघतेस ना हल्ली, त्याची वाटते."

दुसऱ्या दिवसापासून तिने इराची एक जुनी वही घेतली. 'गॅस बंद केला. ९.१०.' 'मागचं दार लावलं.' 'समई सिलवर ठेवली, ७.०२, ताटलीत.' अक्षर दवाखान्यातलं, रेषेवर टेकलेलं. ती वही मला रोज टेबलावर दिसायची, आणि तरीही मी तिला 'राहू दे गं' असं म्हटलं नाही. उलट बरंच आहे, डॉक्टरांना दाखवता येईल, असा विचार केला.

एका बुधवारी मी घरून काम करत होते. ठरवूनच बैठकीच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले. सातला आईने समई ठेवली. मी वीस मिनिटं समईवर नजर ठेवून होते. काही नाही. मग बेल वाजली, पार्सल होतं, सही करून परत आले, फार तर मिनिटभर... समई खाली. आणि त्याच वेळी आई इराचं दप्तर घेऊन त्या खोलीतून जिन्याकडे चाललेली. झालं! मला पुरावाच मिळाला.

त्याच आठवड्यात शेजारच्या मेव्हराउ कोरी आल्या. मेव्हराउ म्हणजे बाई. सगळे त्यांना असंच म्हणतात. वय सत्त्याऐंशीच्या आसपास, जन्म याच गल्लीतला, चाकांच्या वॉकरवर चालतात. चार वर्षांत त्या आमच्याशी हवामानाखेरीज काही बोलल्या नव्हत्या. दारात उभं राहून त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं आणि बरंच काही बोलल्या. माझं डच म्हणजे नगरपालिकेच्या पत्रांपुरतं. ती वस्तू तिथे ठेवू नका, तिथून काढा, एवढं कळलं. मला वाटलं, आगीची तक्रार. इथे शेजारी अशा तक्रारी तोंडावर करतात. मी 'हो हो, सॉरी' म्हणून दार लावलं. त्या बराच वेळ फुटपाथवर तशाच उभ्या होत्या.

मग मी जे केलं ते लिहायला आजही लाज वाटते. जुना फोन पुस्तकांच्या फटीत लपवून, रेकॉर्डिंग चालू करून ऑफिसला गेले. संध्याकाळी आले तर तो फोन जेवणाच्या टेबलावर, बंद करून, नीट रुमालावर ठेवलेला. समई त्या दिवशी लावलेलीच नव्हती. आई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती.

"मला विचारलं असतंस तर मीच समोर बसून रेकॉर्ड करू दिलं असतं," ती म्हणाली. वळलीही नाही.

दोन दिवसांनी पडद्याची कड करपली. तळव्याएवढा तपकिरी डाग. घर भाड्याचं, लाकडी जमीन, इरा वर झोपलेली... माझा तोल गेला. मी आईला नको ते बोलले. आजपासून या घरात समई लागणार नाही, आणि डॉक्टरांची वेळ मी घेतलीय, मेच्या दुसऱ्या आठवड्यातली. आईने समई धुतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बॅगेत ठेवली. त्यानंतर ती कुठलंही काम करण्याआधी मला विचारायला लागली. चहा ठेवू का? खिडकी उघडू का? हे आंघोळीचं पाणी मीच सोडलंय ना?

चार मे आला. इथे त्या दिवशी संध्याकाळी आठला अख्खा देश दोन मिनिटं स्तब्ध उभा राहतो, युद्धात गेलेल्यांसाठी. ट्रॅम थांबतात, गाड्या थांबतात. आमच्या गल्लीतली माणसं त्या हिरवळीवर, दगडाभोवती जमतात. चार वर्षं आम्ही खिडकीतून बघत होतो, पण यंदा इराच्या वर्गाने फुलं ठेवायची होती, म्हणून सगळेच जाणार होतो. निखिलही लवकर आला होता.

सात वाजता आई हळूच म्हणाली, "आज सगळे गेलेल्या माणसांसाठी उभे राहणार ना? मग आजच्या दिवस तरी दिवा लावू या का? तूच लाव. मी हातसुद्धा लावत नाही."

ते 'हातसुद्धा लावत नाही' मला लागलं. मी समई बाहेर काढली. पडदे दोन्ही बाजूंना घट्ट बांधून टाकले. सिल रिकामी केली, मधोमध ताटली ठेवली, ताटलीत अक्षता-कुंकू आणि समई, एकच वात लावली. दोनदा हलवून बघितली, पक्की होती. निखिलने मागचं दार आतून लावलं. पावणेआठला आम्ही चौघेही बाहेर पडलो आणि पुढच्या दाराला मी स्वतः कुलूप घातलं. किल्ली जीन्सच्या खिशात टाकली. हे सगळं इतक्या तपशिलात सांगतेय, कारण पुढे सगळे हेच प्रश्न विचारतात.

हिरवळीवर चाळीस-पन्नास माणसं होती. झेंडे अर्ध्यावर उतरवलेले. लख्ख ऊन. माझं तोंड आमच्या घराकडेच होतं आणि मध्ये फक्त रस्ता. समई झळकत होती. माझ्या उजव्या हाताला आई, पलीकडे निखिल. इरा पुढे, दगडापाशी, हातात ट्यूलिप घेऊन. जरा बाजूला मेव्हराउ कोरी वॉकरवर बसलेल्या. कुणीतरी ट्रम्पेट वाजवलं, आणि मग सगळं थांबलं. इतकी माणसं एकत्र असताना इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. लांबून येणारी ट्रॅमही थांबली असावी.

मी खिडकीकडे बघत होते. आग, पडदा, डोक्यात तेच चालू होतं.

आणि समई हलली.

पडली नाही. घसरली नाही. कुणी दांड्याला धरून उचलावी तशी सरळ वर गेली — चार बोटं असेल — मग आत गेली, आणि मग सावकाश खाली. सिलच्या खाली दिसेनाशी झाली. हात दिसला नाही, माणूस दिसलं नाही. ऊन माझ्या पाठीमागून थेट खोलीत जात होतं, आतला सोफा मला स्पष्ट दिसत होता.

मी आईचं मनगट पकडलं. ती माझ्या शेजारी डोळे मिटून उभी होती. तिचं मनगट माझ्या हातात, आणि समई तिकडे खाली... मला ओरडायचं होतं. पण आजूबाजूला सगळी माणसं मान खाली घालून उभी, माझी मुलगी समोर फुलं धरून उभी, आणि मी तोंडातून आवाज काढू शकत नव्हते. ती उरलेली शांतता किती सेकंदांची होती माहीत नाही.  घरात कुणीतरी आहे, दिवा जमिनीवर आहे, घर पेटेल, आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट मनात आली होती. आई नव्हती. एकदाही आई नव्हती. मला एकदम इतकं हलकं वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःची इतकी शरम वाटली की डोळ्यांतून पाणीच आलं. लोकांना वाटलं असेल, ही परदेशी बाई किती हळवी आहे.

मी मान वळवली तर मेव्हराउ कोरी दगडाकडे बघत नव्हत्या. त्या आमच्या खिडकीकडे बघत होत्या.

राष्ट्रगीत सुरू झालं तशी मी रस्ता ओलांडून धावले. कुलूप जसंच्या तसं. आत गेले. समई खिडकीखाली नुसत्या जमिनीवर, वात जळतेय, तेलाचा थेंब सांडलेला नाही. ताटली वर सिलवर, अक्षता आणि कुंकू तसंच. मी त्या ताटलीकडे बघत उभी राहिले. ही ताटली दर वेळी वरच असायची. मीच फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं! माझी आई सगळं विसरली, अगदी स्वतःचं नाव विसरली, तरी समई नुसत्या जमिनीवर ठेवणार नाही. तिचा हातच तसा जाणार नाही. हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाचा असा बग मी पाच मिनिटांत पकडला असता.

निखिल मागोमाग आला. त्याने मागचं दार तपासलं, वरच्या खोल्या, कपाटं, सगळं. मागचं दार आतून बंदच होतं. त्याने काही पाहिलं नव्हतं, तो मान खाली घालून उभा होता.

दहा मिनिटांनी इरा आणि आई मेव्हराउ कोरींना घेऊन आल्या. चार वर्षांत पहिल्यांदाच त्या आमच्या घरात येत होत्या. त्यांनी जमिनीवरच्या समईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि इराने भाषांतर केलेलं त्यांचं पहिलं वाक्य असं होतं — "शी सेज, मी तेव्हाच सांगितलं होतं ना, तिथे ठेवू नका."

मग त्यांनी सांगितलं. इरा थांबत थांबत, अर्धं इंग्लिश अर्धं मराठी करून आम्हाला सांगत होती. आजीसाठी ती मुद्दाम मराठी शब्द शोधत होती.

जर्मनांचा ताबा होता तेव्हा या घरात तान्ते नेल राहायच्या. तान्ते म्हणजे मावशी, गल्लीतली सगळी मुलं त्यांना तसंच म्हणायची. त्या आणि आसपासचे काही लोक ज्यूंना आणि पळालेल्या तरुणांना लपवायचे. आमच्या दारातल्या पायपुसण्याखाली जी लाकडी झडप आहे, जमिनीखालच्या पोकळीत उतरायची, तिथे माणसं असायची. त्यांच्यासाठी रेशनची कार्डं घेऊन संध्याकाळी कुणीतरी यायचं. त्या येणाऱ्यासाठी खूण ठरलेली होती. तान्ते नेलकडे फुलांना पाणी घालायची तांब्याची झारी होती, घासून लख्ख ठेवलेली. ती सिलवर असली तर सगळं ठीक, या. नसली तर थांबू नका.

एका संध्याकाळी सैनिक आत आले. कुणी येतंय का ते बघू म्हणून आतच दबा धरून बसले, तान्ते नेलला खुर्चीत बसवून. झारी सिलवर होती. त्यांना तिचं काही माहीत नव्हतं. त्या काळी अंधार पडायच्या आत सगळ्यांनी खिडक्या झाकायचा हुकूम होता. तान्ते नेलने त्यांनाच विचारलं, वेळ झाली, पडदे ओढू का? ते हो म्हणाले. पडदा ओढताना मध्ये येते म्हणून तिने झारी उचलली आणि खाली जमिनीवर ठेवली.

"माय फादर वॉज कमिंग," इरा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "म्हणजे हिचे बाबा. सायकलवर. ही मागे बसली होती. शी वॉज फाइव्ह."

पडदा अजून पूर्ण ओढलेला नव्हता; वडिलांनी रिकामी सिल पाहिली आणि ते थांबले नाहीत, सरळ पुढे गेले. पडद्याच्या फटीत छोट्या कोरीला तान्ते नेल दिसली होती. ती मागून ओरडत राहिली, बाबा थांबा ना, तान्ते नेल आहे तिथे. वडिलांनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांच्या सदऱ्याच्या आत कार्डं होती. कुणीच आलं नाही तेव्हा सैनिक चिडले. तान्ते नेलला घेऊन गेले, ती परत आली नाही. झडपेखालची माणसं त्यांना सापडली नाहीत. तिचं नाव दगडावर वरून तिसरं आहे.

"तुमच्या आधीचे लोक कुंड्या ठेवायचे," मेव्हराउ कोरी म्हणाल्या. "असं चमकणारं कुणी ठेवलं नव्हतं."

 आईला सगळं कळायला जरा वेळ लागला. मग ती उठली, समई उचलली, ताटलीत ठेवली आणि मागच्या खोलीतल्या टेबलावर नेऊन ठेवली. हात जोडले. परत येताना माझ्याजवळ थांबली आणि अगदी हळू आवाजात, जणू परवानगी मागतेय तसं म्हणाली, "म्हणजे मी नव्हते ना ठेवत?"

मी तिला मिठी मारली. सॉरी म्हणाले. किती वेळा म्हणाले ते आठवत नाही.

स्पष्टीकरण? निखिल म्हणतो, सिलला उतार असेल, खालच्या रेडिएटरच्या उष्णतेने धातू सरकत असेल. मी लेव्हल लावून बघितली, सिल सपाट आहे, आणि मेमध्ये रेडिएटर बंद असतो. माझा टेस्टरचा स्वभाव जाईना, म्हणून मी चार संध्याकाळी रिकामा तांब्या सिलवर ठेवून समोर बसले. काही झालं नाही. पाचव्या दिवशी मीच तो उचलून आत ठेवला. खरंच कुणी असेल तर मी त्या बाईला रोज पुन्हा तेच करायला लावतेय, हे मला सहन होईना. आता तिथे कुंड्या आहेत. दगडाला सायकल टेकवत नाही.

डॉक्टरांची वेळ मी रद्द करणार होते, पण आईच म्हणाली, जाऊ या, तुझी खात्री होईल. डॉक्टरांनी घड्याळ काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला लावले, उलटं मोजायला लावलं. मी इंग्लिशचं मराठी करून सांगत होते. आईने एकही चूक केली नाही. वयाच्या मानाने उत्तम, असं लेखी मिळालं. ते पत्र मी दादाला पाठवलं, त्याने फ्लॅटचा विषय सोडला. परत येताना ट्रॅममध्ये आईने मला तीनदा विचारलं, "चांगलं आहे असंच म्हणाले ना? तू नीट ऐकलंस ना?"

जूनमध्ये ती परत गेली. चिंचवडला, स्वतःच्या घरी, एकटी. जिंकलोच म्हणायचं आम्ही.

पण तिकडे सात वाजले की इकडे दुपारी साडेतीनला माझा फोन वाजतो. व्हिडिओ कॉल. मी बहुतेक वेळा मीटिंगमध्ये असते, उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये येते. आई आधी फोन फिरवते. ओटा. गॅसचं बटण. दाराची कडी. मग समई, ताटलीत, देवापुढे.

"बघितलंस? जागेवर आहे ना?"

"आहे गं आई."

"गॅस बंद दिसतोय ना तुला?"

"बंद आहे."

"नक्की ना? नीट बघ."

डॉक्टरांचा कागद तिच्या कपाटात आहे. पण त्यावर तिचा विश्वास बसत नाही, कारण त्याच्या आधी मी तिला 'तू विसरतेस' असं सांगितलं होतं. मी नीट बघते, अगदी जवळून, आणि नक्की म्हणते. मग ती फोन ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी साडेतीनला पुन्हा लावते.